तत्त्वज्ञानांतील संज्ञांचें भाषांतर

आंब्याला दुसऱ्या भाषेंतील नांव शोधणें कठीण नसतें. फळ समोर ठेवलें, कीं अर्धें काम झालें. घर, नदी, गाय, लोखंड या शब्दांचें भाषांतर करतांना वस्तु स्वतः साक्षीला उभी असते. परंतु ‘चित्त’, ‘वृत्ति’, ‘कैवल्य’ अशा शब्दांचें भाषांतर करावयाचें झालें, तर साक्षीला कोणाला बोलवावयाचें? ती वस्तु बोटानें दाखवितां येत नाहीं. ती शब्दाच्याच आधारानें उभी असते, आणि नेमका तो शब्दच तर बदलावयाचा असतो. तत्त्वज्ञानाच्या भाषांतरकारापुढचा पेंच तो हाच.

मुंबईहून पुण्यास जाणाऱ्या प्रवाशाला लोणावळें म्हणजे घाटमाथ्यावरचा पाऊस, धुकें आणि चिक्की एवढेंच बहुधा ठाऊक असतें. मावळांतील याच गांवीं हा पेंच सोडविण्याचा उद्योग शंभर वर्षांपूर्वीं सुरू झाला. स्वामी कुवलयानंद, म्हणजे पूर्वाश्रमींचे जगन्नाथ गणेश गुणे, यांनीं १९२४ सालीं येथें कैवल्यधाम ही संस्था स्थापन केली आणि त्याच वर्षीं ‘योगमीमांसा’ हें इंग्रजी नियतकालिक काढलें. योगाच्या क्रिया यंत्रांनीं मोजून पाहावयाच्या आणि त्यांचे निष्कर्ष जगाला कळतील अशा भाषेंत मांडावयाचे, असा त्यांचा संकल्प होता. जगाला कळणारी भाषा इंग्रजी, आणि योगाची परिभाषा तर सारी संस्कृत. त्यामुळें प्रयोगशाळेच्या जोडीनेंच शब्दांचा प्रश्नहि तेथें उभा राहिला.

त्यांतील कांहीं शब्दांचा निकाल यंत्रानेंच लावला. नौलीची क्रिया चालू असतां मोठ्या आंतड्यांतील दाब बाहेरच्या हवेच्या दाबाहून कमी होतो, असें कुवलयानंदांना दाबमापकावर आढळून आलें. या अंशतः निर्वात स्थितीला त्यांनीं आपले गुरु, मालसरचे परमहंस माधवदासजी, यांचें नांव देऊन ‘माधवदास व्हॅक्यूम’ अशी संज्ञा केली. नौलि हा शब्द तसाच ठेवला, आणि नव्यानें मोजलेल्या गोष्टीला नवें नांव दिलें. कोणाचा गैरसमज होण्याचें कारण उरलें नाहीं, कारण शंका आलीच तर पाऱ्याची पातळी पाहावी. परंतु चित्ताला दाबमापक लावतां येत नाहीं. वृत्तींची उंची पाऱ्यावर चढत नाहीं. तेथें भाषांतरकाराला स्वतःच्या विवेकावरच भिस्त ठेवावी लागते.

हा पेंच एकट्या संस्कृताचा आहे, असें मात्र नाहीं. युरोपांत तो विशेष गाजला तो जर्मन तत्त्वज्ञान इंग्रजींत आणतांना. तेथील हकीकत आपल्या उपयोगाची आहे, कारण जे गुणदोष तेथें उघडे पडले, तेच लोणावळ्याच्या शब्दांनाहि लागू पडतात.

जर्मन भाषा आपल्या अमूर्त संज्ञा पुष्कळदां घरच्याच शब्दांपासून घडविते. ‘बेग्रिफ’ म्हणजे संकल्पना. पण तो शब्द ‘हातानें पकडणें’ या अर्थाच्या रोजच्या क्रियापदाच्या गोतांतला आहे, आणि तें नातें साध्या जर्मन माणसाच्याहि कानाला लागतें. इंग्रजी भाषा अशा वेळीं लॅटिन आणि ग्रीक यांच्या दारीं जाते. ‘कॉन्सेप्ट’ या शब्दाच्या मुळाशींहि धरण्याचाच अर्थ आहे, परंतु तो लॅटिनच्या थराखालीं पुरलेला. इंग्रजाला तो जाणवत नाहीं. मराठींत मात्र ‘विषयाचें ग्रहण’ म्हटलें कीं हात आणि बुद्धि दोन्ही एकदम पुढें येतात.

हेगेलचा एक शब्द तर भाषांतरकारांची परीक्षा पाहणारा ठरला. ‘आउफहेबेन’ या क्रियापदाचे जर्मन व्यवहारांत तीन अर्थ आहेत: वर उचलणें, रद्द करणें आणि जपून ठेवणें. एक विचार त्याच्या विरोधी विचाराशीं झुंजून मोडतो, परंतु त्यांतील सत्याचा अंश वरच्या पायरीवर शिल्लक राहतो, असें हेगेलला सांगावयाचें होतें. म्हणून असा अनेकार्थी शब्द त्यानें जाणूनबुजून पत्करला. इंग्रजींत त्यासाठीं लॅटिनवरून ‘सब्लेट’ हा शब्द योजण्यांत आला. तो चुकीचा नाहीं. पण तो कोणाच्या घरीं बोलला जात नाहीं, आणि म्हणून तो वाचतांना मनांत कांहीं हलत नाहीं. उलट मराठी घरांत पसारा ‘उचलून ठेवतात’ तेव्हां वस्तु वर उचलली जाते, होती तेथून नाहींशी होते आणि जपूनहि राहते. आणि सरकार बंदी ‘उठवतें’ तेव्हां ती रद्द होते. हेगेलचें कोडें समजावून सांगण्यास याहून पंडिती सामग्रीची गरज नाहीं.

तथापि शब्द घरगुती असावा कीं पंडिती, हा प्रश्न दुय्यम आहे. मुख्य प्रश्न निराळा. तत्त्वज्ञानाची संज्ञा कधीं एकटी राहत नाहीं; तिचें एक कुटुंब असतें. बुद्धिबळांतील उंटाचें मोल जसें घोडा आणि हत्ती यांच्यामुळें ठरतें, तसा एका संज्ञेचा अर्थ तिच्या शेजारच्या संज्ञांमुळें ठरतो. म्हणून भाषांतरांत दोन दोष संभवतात. मुळांतील दोन निराळे शब्द भाषांतरांत एकाच शब्दांत बुडणें, हा पहिला. मुळांतील एकच शब्द भाषांतरांत अनेक शब्दांत फुटणें, हा दुसरा.

पहिल्या दोषाचें उदाहरण शोपेनहौएरच्या मुख्य ग्रंथाच्या नांवांतच सांपडतें. त्यांत जगाला दोन अंगें सांगितलीं आहेत. एक इच्छाशक्ति आणि दुसरें ‘फोरश्टेलुंग’, म्हणजे ज्ञात्यासमोर जें उभें केलें जातें तें. हाल्डेन आणि केंप यांच्या १८८३ ते १८८६ मधील इंग्रजी भाषांतरांत या दुसऱ्या शब्दासाठीं ‘आयडिया’ हा शब्द आला. पण त्याच ग्रंथांत प्लेटोच्या शाश्वत आकृतींविषयींहि मोठें विवेचन आहे, आणि तेथें ‘आयडिया’ शब्द निराळ्या अर्थानें हवाच होता. दोन पाहुण्यांना एकच नांव दिल्यावर हांक मारतांच दोघेहि उठावेत, तसें झालें. पुढें १९५८ सालीं ई. एफ. जे. पेन यांनीं आपल्या भाषांतरांत ‘रेप्रेझेंटेशन’ शब्द घालून हा घोटाळा मोडला.

दुसऱ्या दोषाचें उदाहरण म्हणजे हेगेलचा ‘गाइस्ट’. १८०७ सालच्या त्याच्या ग्रंथाच्या नांवांत हा शब्द आहे. जे. बी. बेली यांच्या १९१० च्या भाषांतरांत त्याचें ‘माइंड’ झालें, तर ए. व्ही. मिलर यांच्या १९७७ च्या भाषांतरांत ‘स्पिरिट’. पहिलें नांव वाचणाऱ्याला मानसशास्त्राचें पुस्तक हातीं आल्यासारखें वाटतें, दुसरें वाचणाऱ्याला धर्मशास्त्राचें. जर्मन शब्दांत दोन्ही छटा आहेत, आणि शिवाय समाजाच्या संस्था, कला व इतिहास यांतून प्रकट होणारें सामुदायिक जीवनहि आहे. एकाच हेगेलचे इंग्रजींत दोन हेगेल झाले, ते एका शब्दामुळें.

आतां हीच कसोटी घेऊन पुन्हा लोणावळ्यास यावें. पतंजलीची योगाची व्याख्या चित्त, वृत्ति आणि निरोध या तीन शब्दांवर उभी आहे. चित्ताला सोपा इंग्रजी शब्द ‘माइंड’. पण मन, बुद्धि आणि चित्त या तिघांनाहि तोच शब्द वापरला, तर पहिला दोष पदरीं पडतो. शास्त्रांत मन संकल्पविकल्प करतें आणि बुद्धि निश्चय करते; पातंजल योगांत या सर्वांना पोटांत घेणारें तें चित्त. तिन्ही ‘माइंड’ झालीं, कीं कोण कोणाला आवरतो हेंच कळेनासें होतें.

याहूनहि खोल अडचण पुढें आहे. युरोपीय विचारांत देकार्तपासून मन एका बाजूला आणि जड पदार्थ दुसऱ्या बाजूला अशी वाटणी रूढ झाली. सांख्य आणि योग यांची वाटणी अगदीं वेगळी आहे. तेथें एका बाजूला पुरुष, म्हणजे निव्वळ चैतन्य. आणि दुसऱ्या बाजूला प्रकृति व तिच्यापासून निघालेलें सारें कांहीं. चित्त हें या दुसऱ्या बाजूचें. तें त्रिगुणांचें बनलेलें, क्षणोक्षणीं पालटणारें आणि स्वतः जड आहे. पुरुषाच्या सान्निध्यामुळें तें जाणतें असल्यासारखें भासतें, इतकेंच. मावळांत भातखाचराचा बांध हातभर सरकला तरी कोणाची जमीन कोणाकडे गेली याचा तंटा उभा राहतो. ‘माइंड’ या एका शब्दानें चित्त बांधापलीकडे, चैतन्याच्या शेतांत जाऊन पडतें. मग चित्त आणि पुरुष यांचा भेद ओळखणें हेंच ज्या शास्त्राचें सार, त्याचा तो भेदच भाषांतरांत पुसला जातो.

ही अडचण जाणूनच कांहीं भाषांतरकारांनीं ‘माइंड-स्टफ’ हा जोडशब्द घेतला. स्वामी विवेकानंदांच्या १८९६ च्या ‘राजयोगां’त तो आहे, आणि हार्वर्डच्या जेम्स हॉटन वुड्स यांच्या १९१४ च्या योगसूत्रांच्या भाषांतरांतहि आहे. या शब्दाची जन्मकथा मोठी उद्बोधक आहे. विल्यम किंग्डन क्लिफर्ड या इंग्रज गणितज्ञानें १८७८ सालीं एक निबंध लिहिला. कांटनें ज्याला ‘डिंग आन झिश’ म्हटलें, त्या वस्तूच्या स्वरूपाविषयींचा तो निबंध. विश्वाच्या मुळाशीं मनाचेच सूक्ष्म अंश आहेत, आणि तेच एकत्र येऊन जाणिवा बनतात, असें मत त्यानें मांडलें व त्या मूलद्रव्याला ‘माइंड-स्टफ’ असें नांव दिलें. म्हणजे जर्मन संज्ञेच्या चर्चेंत जन्मलेला इंग्रजी शब्द संस्कृत संज्ञेच्या कामीं आला. त्यानें एक गोष्ट साधली: चित्त हें एक द्रव्य आहे, असें इंग्रज वाचकाला सांगितलें. दुसरी बिघडविली: क्लिफर्डचें द्रव्य मुळांतच मनोमय, तर पतंजलीचें मुळांत प्रकृतिमय. उसनें भांडें आणलें तर त्यांत आधीं काय शिजलें होतें, याची चौकशी करावी लागते ती अशी.

‘निरोधा’ची गोष्ट अधिक व्यवहाराची आहे. त्याला इंग्रजींत दडपणें, आवरणें, थांबणें अशा निरनिराळ्या अर्थांचे शब्द आले. त्यांतील दडपण्याच्या अर्थाचा ‘सप्रेशन’ हा शब्द विसाव्या शतकांत वेगळाच वास घेऊन आला. फ्रॉइडनें दडपल्या गेलेल्या वासनांचे मनावर होणारे दुष्परिणाम वर्णिले. त्यासाठीं त्याचा जर्मन शब्द निराळा, आणि इंग्रजींतहि त्याला ‘रिप्रेशन’ हा निराळा प्रतिशब्द. पण सामान्य वाचक हे दोन शब्द एकमेकांत मिसळतो. परिणामीं योग म्हणजे मनाची गळचेपी, अशी समजूत होऊं शकते. तीवर विश्वास ठेवून कोणी डोळे मिटून बसला आणि विचारांना बळानें रेटूं लागला, तर त्याच्या पदरीं कपाळशूळाखेरीज कांहीं पडावयाचें नाहीं. पतंजलीनें निरोधाला उपाय सांगितले ते अभ्यास आणि वैराग्य हे. त्यांत जबरदस्ती नाहीं. अग्नींत नवें सरपण न घालतां तो शांत होऊं द्यावा, असा तो मार्ग आहे. एका शब्दाच्या निवडीवर शिकणाऱ्याच्या रोजच्या साधनेचा रोख अवलंबून असतो, तो असा.

लोणावळ्याहून थोड्या अंतरावर कार्ल्याचीं आणि भाज्याचीं लेणीं आहेत. जे बौद्ध भिक्षु तेथें राहत, त्यांच्या धर्मांतहि ‘निरोध’ आणि ‘चित्त’ हे शब्द महत्त्वाचे. चार आर्यसत्यांतील तिसरें सत्य दुःखनिरोधाचें आहे. तेथें निरोध म्हणजे दुःखाचा अंत. आणि बौद्धांचें चित्त हें कोणतेंहि टिकाऊ द्रव्य नसून क्षणोक्षणीं उपजणारा आणि मावळणारा प्रवाह आहे. म्हणजे एकाच मावळाच्या डोंगरांत, एकाच शब्दाचे दोन दर्शनांत दोन अर्थ. मग ‘चित्त म्हणजे अमुक’ असें एका ओळींत लिहिणारा कोश कितीसा उपयोगी पडणार?

कैवल्यधामांतील अभ्यासकांनीं या प्रश्नाला दिलेलें उत्तर ध्यानांत घेण्यासारखें आहे. संस्थेनें १९७२ सालीं ‘योगकोशा’चा पहिला भाग प्रसिद्ध केला. स्वामी दिगंबरजी आणि महाजोत सहाय हे त्याचे कर्ते. शब्दापुढें एक इंग्रजी प्रतिशब्द ठेवून मोकळें व्हावें, अशी त्याची रीत नाहीं. शब्द कोणत्या ग्रंथांत कोणत्या संदर्भानें आला, त्यास धरून त्याचें इंग्रजींत विवरण करावें, अशी आहे. तिची आवश्यकता एका ‘आसन’ शब्दावरूनहि पटते. पतंजलीच्या योगांत आसन म्हणजे स्थिर व सुखावह बैठक, तर हठयोगाच्या ग्रंथांत शरीराच्या नानाविध रचना. ‘मुद्रा’ शब्द घ्यावा, तर हठयोगांत ती एक क्रिया, पूजेंत हातांच्या बोटांची ठेवण, आणि बाजारांत तर चक्क नाणें. संदर्भ सोडला कीं शब्द निराधार होतो. अर्थात् ही रीत सावकाशीची आहे, आणि घाईच्या वाचकाला ती रुचणार नाहीं. पण तत्त्वज्ञानांत घाई करून वाचलेला वेळ पुढें गैरसमज निस्तरण्यांत जातो.

मराठी वाचकाला या प्रकरणाची आंच दुसऱ्या बाजूनेंहि लागते. पाश्चात्य तत्त्वज्ञान मराठींत आलें तें बहुतांशीं इंग्रजीच्या मध्यस्थीनें. लोकमान्य टिळकांनीं मंडालेच्या तुरुंगांत जर्मन भाषेचा अभ्यास केला, यांत म्हणूनच मोठा अर्थ आहे. १९१०-११ च्या हिंवाळ्यांत लिहिलेल्या आणि १९१५ सालीं प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्यां’त त्यांनीं कांटच्या ‘डिंग आन झिश’ला ‘वस्तुतत्त्व’ हा शब्द दिला. दिसणाऱ्या रूपामागें वस्तु स्वतः जशी आहे, तें तिचें तत्त्व; शब्द सुटसुटीत आहे, आणि मराठी कानाला तो परका वाटत नाहीं. कांटच्या शुद्ध बुद्धीस आणि व्यावहारिक बुद्धीस त्यांनीं अनुक्रमें व्यवसायात्मिक आणि वासनात्मक बुद्धीशीं ताडून पाहिलें. यानें गीतेच्या वाचकाला कांट एकदम जवळचा वाटूं लागला, हा मोठाच लाभ.

परंतु जवळीक झाली कीं सावधगिरीहि हवी. कांटच्या मतें वस्तुतत्त्व शास्त्रीय ज्ञानाला कायमचें अगम्य. वेदान्तांत मात्र परमतत्त्व आत्मानुभवानें जाणतां येतें. तसेंच कांटची व्यावहारिक बुद्धि वासनांना न जुमानतां कर्तव्याची आज्ञा करणारी आहे, आणि मराठी बोलींत ‘वासना’ शब्दाला वेगळाच दर्प आहे. संस्कृत शब्द आयता मिळतो, ही मराठीची श्रीमंती. पण तो आपलें जुनें दर्शन बरोबर घेऊन येतो, ही त्या श्रीमंतीची किंमत. इंग्रजीला ज्या जागीं शब्दच सांपडत नाहींत, तेथें मराठीला ते अति ओळखीचे सांपडतात. पुण्याहून १९७४ सालीं तीन खंडांत निघालेला, दे. द. वाडेकरांनीं संपादिलेला ‘मराठी तत्त्वज्ञान महाकोश’ अशा वेळीं हाताशीं असावा. संज्ञेमागील विचार तेथें विस्तारानें मांडलेला मिळतो.

शब्दांचा प्रवास किती वळणांचा असतो, याचें एक घरगुती उदाहरण पाहावें. फ्रॉइडनें मनाच्या एका भागाला साध्या जर्मनमध्यें ‘इश’, म्हणजे ‘मी’, म्हटलें. इंग्रजी भाषांतरांत त्याचें लॅटिन ‘इगो’ झालें, आणि घरांतला ‘मी’ दवाखान्यांतली संज्ञा बनला. तोच ‘इगो’ इंग्रजी व्यवहारांत शिरून गर्वाच्या अर्थानें वापरला जाऊं लागला, आणि आतां मराठी घरांतहि ‘त्याचा इगो दुखावला’ असें सर्रास ऐकूं येतें. इकडे सांख्यांचा ‘अहंकार’, म्हणजे ‘मी’पणा घडविणारें तत्त्व, मराठींत केव्हांच गर्वाच्या अर्थीं रूढ झाला होता. दोन संज्ञा दोन देशांतून निघाल्या आणि एकाच चुकीच्या मुक्कामावर भेटल्या.

मग मूळ शब्द तसाच ठेवावा, हा उपाय उरतो. हायडेगरच्या १९२७ च्या ग्रंथांतील ‘डाझाइन’ शब्द १९६२ च्या इंग्रजी भाषांतरांत तसाच राहिला. कैवल्यधामनेंहि आपल्या नांवाचें भाषांतर केलें नाहीं, हें बरेंच झालें. वुड्स यांनीं कैवल्याला ‘आयसोलेशन’ म्हटलें. शब्दशः तो अर्थ निघतो, पण एकटेपणाचा आणि सांथीच्या रुग्णाला वेगळें ठेवण्याचा जो भाव त्या इंग्रजी शब्दाला चिकटला आहे, तो मोक्षाला शोभणारा नाहीं. तथापि शब्द तसाच ठेवला म्हणून तो सुरक्षित राहतो, असेंहि नाहीं. ‘योग’ हा शब्द आज जगभर अनुवादाशिवाय चालतो. २०१५ पासून २१ जून हा त्याचा आंतरराष्ट्रीय दिवसहि झाला. पण लक्षावधि लोकांच्या तोंडीं त्याचा अर्थ आसनें एवढाच उरला आहे. न भाषांतरलेल्या शब्दालाहि लोक आपल्या वापरानें भाषांतर चिकटवितातच.

यावरून भाषांतरकाराचें कर्तव्य आणि वाचकाचेंहि कर्तव्य स्पष्ट होतें. भाषांतरकारानें मुळांतील भेद राखावेत, निवडलेला शब्द शेवटपर्यंत बदलूं नये, आणि प्रत्येक महत्त्वाच्या संज्ञेला निदान दोन वाक्यांचें विवरण द्यावें. आणि गीतेचें वा योगसूत्रांचें इंग्रजी भाषांतर ज्यांच्या घरीं आहे, त्यांनीं ‘माइंड’ किंवा ‘सेल्फ’ शब्द आला कीं तेथें मुळांत कोणता शब्द आहे, हें पानाच्या कडेला पेन्सिलीनें लिहून ठेवावें. दहा पानें अशीं वाचलीं, कीं एका इंग्रजी शब्दाखालीं किती संस्कृत शब्द दाटीनें बसले आहेत, हें आपोआप दिसूं लागेल.